यशाचे माप : पालवणकर बाळू यांचे जीवन

आपल्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन संपले की शेवटच्या दिवशी पारितोषिक-वितरणाचा समारंभ होतो. टेबलावर एका बाजूला नाट्य, गायन आणि वक्तृत्वाची ढाल, मधोमध क्रीडास्पर्धांचे चषक आणि दुसऱ्या बाजूला विद्यार्थी-प्रतिनिधींच्या सत्काराचे हार मांडलेले असतात. कला, क्रीडा आणि राजकारण या तिन्ही क्षेत्रांतले यश असे एकाच टेबलावर, एकाच मापाचे होऊन बसते. यंदा वक्तृत्व-स्पर्धेचा विषयही यश म्हणजे काय हाच होता. कुणी नेपोलियन सांगितला, कुणी सचिन तेंडुलकर, कुणी लतादीदी. मीही बोललो. टाळ्या मिळाल्या, बक्षीस मिळाले नाही. सांगण्यासारखी गोष्ट ती नाही.

समारंभ आटोपल्यावर मैदानाच्या कडेने जुन्या जालन्यातल्या घराकडे परतत होतो. ज्या मैदानावर अंतिम सामना झाला आणि ज्याचा चषक नुकताच टाळ्यांच्या गजरात दिला गेला, तेथे आमचे मामा एकटेच जाळी गुंडाळीत होते. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, पाणी मारायचे, चुन्याच्या रेषा ओढायच्या ही सारी कामे तेच करतात. त्यांना क्रिकेट खेळता येते की नाही हे तीन वर्षांत मी कधी विचारले नव्हते. आमच्यापैकी कुणीच विचारले नव्हते. आणि मग ग्रंथालयात वाचलेला एक माणूस मला आठवला. त्याच्या आयुष्याची सुरुवातही अशीच रोलर ओढण्याने झाली होती. यश म्हणजे काय या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल तर नेपोलियनपेक्षा त्याच्याकडे गेलेले बरे, असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या माणसाचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. क्रिकेटच्या इतिहासात ते पी. बाळू या नावाने ओळखले जातात. कुटुंब मूळचे कोकणातल्या पालवण गावचे, म्हणून पालवणकर. जन्म मात्र १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या समाजव्यवस्थेत अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले. गोरे अधिकारी क्रिकेट खेळत आणि त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन ही मुले खेळत. बाळू थोरले, त्यांच्या पाठीवर शिवराम, गणपत आणि विठ्ठल. पुढे हे चौघेही भाऊ नामवंत खेळाडू झाले. आपल्या जालन्यालाही एके काळी इंग्रजी छावणी होती. पुण्याच्या छावणीने देशाला एक थोर गोलंदाज दिला, तशी किती छावण्यांच्या कडेला किती मुले टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळली असतील आणि तेथेच विरून गेली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

घरची गरिबी होती. शाळा अर्ध्यावर सोडून बाळूंनी पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात काम धरले. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा आणि सभासदांना हवे असेल तेव्हा चार चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात आले. पगार एक रुपयाने वाढला, कामे मात्र पुष्कळ वाढली. खेळपट्टी आखणे, जाळी उभारणे, टेनिसच्या रेषा मारणे, आणि उरलेल्या वेळात साहेबांना सरावासाठी गोलंदाजी.

या उरलेल्या वेळातच एक कला घडत होती. बाळू डावखुरे आणि मंदगती गोलंदाज होते. चेंडू हातातून सुटताना त्याला फिरकी कशी द्यावी, उंची केव्हा वाढवावी, टप्पा केव्हा आखूड करावा हे त्यांना कुणी शिकवले नाही. कॅप्टन ग्रेग हा त्या वेळचा नामांकित फलंदाज तासन्तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे द्यायचे असा त्याने करार केला होता, असे सांगतात. ही गोष्ट खरी असेल तर महिन्याच्या चार रुपयांसाठी आठ बळी पुरेसे होते! पण एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या क्लबात बाळूंना फलंदाजीची संधी कधी मिळाली नाही. त्या काळच्या सरंजामी कल्पनेत फलंदाजी हा साहेबांचा मान होता आणि गोलंदाजी हे चाकराचे काम. हजारो चेंडू टाकून त्या चाकराने आपल्या कामाची कला करून टाकली.

अशा गोलंदाजाची कीर्ती पुण्यात लपून राहणे शक्य नव्हते. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांच्या संघाला हरवायचे होते आणि हरवण्याचे हत्यार तर गोऱ्यांच्याच मैदानावर रेषा मारीत होते. त्याला संघात घ्यावे की न घ्यावे यावर मोठा खल झाला. कुणाला धर्म बुडेल अशी धास्ती होती, कुणाला सामना बुडेल अशी. अखेर सामन्याची धास्ती वरचढ ठरली आणि बाळू संघात आले.

पण कसे आले, हे पाहण्याजोगे आहे. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सारे झेलत असत. विटाळ कुणालाच होत नसे. चहाची वेळ झाली की सवंगडी आत चिनी मातीच्या पांढऱ्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. हातपाय धुवायला पाणी हवे असेल तर मैदानाच्या कोपऱ्यात ते आणून देणारा गडीही अस्पृश्यच. मैदानाची सीमारेषा ओलांडली की ज्याच्या जिवावर सामना जिंकला तोच माणूस परका होई.

साताऱ्याला गोऱ्यांच्या संघाविरुद्ध झालेल्या सामन्यात बाळूंनी सात बळी घेऊन विजय खेचून आणला आणि पुण्यात त्यांचे कौतुक झाले. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकाने त्यांच्या बाजूने जाहीर शब्द टाकला. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला हरकत कसली, हा साधा प्रश्न या सामन्यांनी पुण्याच्या दारात आणून उभा केला. वर्षानुवर्षांच्या व्याख्यानांनी जे हलले नव्हते ते सात बळींनी थोडेसे हलले. थोडेसेच, हे मात्र विसरता कामा नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या धामधुमीच्या काळात, बाळू मुंबईला आले. १८९४ साली स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्यात पुण्याचाच वाद पुन्हा झाला आणि पुन्हा त्यांच्या बोटांनी तो जिंकला. पोटासाठी बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन हा गाजलेला सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. काळ लक्षात घ्या. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीचा वणवा पेटला होता, जपानने रशियाला धूळ चारली होती. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवणे हे केवळ खेळातले यश नव्हते. त्या विजयाचा उपयोग सुधारकी वृत्तपत्रांनी आणखी एका कामासाठी केला. जातिभेद बाजूला ठेवला की काय साधते, हे त्यांनी आपल्याच समाजाला ऐकवले.

पुढच्याच वर्षी तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ पासून ते चौरंगी झाले. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे संघ धर्माच्या नावाने मैदानात उतरत. हिंदूंच्या गोलंदाजीचा भार त्या काळात बहुतांशी बाळूंच्या डाव्या खांद्यावर होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. एकूण पाहता दौरा फसला. २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित राहिले. महाराज तरुण होते आणि त्यांचे बरेचसे लक्ष मेजवान्यांकडे होते. पण ज्या संघाला यश मिळाले नाही त्याच संघातल्या बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. त्यांतले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले होते. वय पस्तिशीचे, हात दुखरा, हवा परकी, तरीही लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात अकरा बळी त्यांचेच. धाकटे बंधू शिवरामही याच दौऱ्यावर होते आणि त्यांनीही बॅटीने नाव काढले.

बाळू परतले तेव्हा मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. आपल्यातला एक माणूस विलायतेत जाऊन, साहेबांच्या मैदानावर, साहेबांना बाद करून आला, हा त्या समाजासाठी केवढा अभिमानाचा क्षण असेल! त्या सत्काराचे मानपत्र कॉलेजात शिकणाऱ्या एका वीस वर्षांच्या तरुणाने लिहिले होते, असे अभ्यासक नमूद करतात. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. बाळू आणि आंबेडकर यांच्या वाटा पुन्हा एकदा एकमेकींना भेटणार होत्या. त्या भेटीकडे पुढे येऊच.

आता कर्णधारपदाचा प्रश्न. कर्तृत्वाच्या हिशेबाने हिंदूंचे कर्णधारपद बाळूंकडे यायला हवे होते. ते आले नाही. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले. हा मान खरे तर बाळूंचा आहे असे त्यांनी मोकळ्या मनाने सांगितले, ही त्यांची थोरवी. पण निवड करणाऱ्यांचे मन मोकळे नव्हते. बळी मोजता येतात, त्यामुळे ते नाकारता येत नाहीत. कर्णधारपद द्यावे लागते, त्यामुळे ते नाकारता येते. चेंडू टाकण्यासाठी डावा हात पुरतो. दहा जणांना हुकूम सोडण्यासाठी मात्र त्या दहा जणांनी, आणि त्यांच्यामागे बसलेल्या समाजाने, तो हुकूम मानावा लागतो. अस्पृश्याने चेंडू टाकावा इथवर समाज आला होता. त्याने हुकूम सोडावा इथवर आला नव्हता.

१९२० साली या गोष्टीचा स्फोट झाला. बाळूंना त्या वर्षी आरंभी संघातूनच वगळले. पै आजारी, म्हणून पहिल्या सामन्यासाठी पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले. देवधर मोठे खेळाडू होते यात वाद नाही, पण विठ्ठल पालवणकरांचा हक्क त्यांच्या आधीचा होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे आपल्याला डावलले जात आहे हे जाहीर पत्रक काढून लोकांपुढे मांडले. मुंबईभर चर्चा झाली. अखेर तडजोड झाली. पारशांविरुद्धच्या सामन्यात पै परत आले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार केले, आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. वय चव्वेचाळीस. पुण्यात तीन रुपयांवर रोलर ओढायला लागल्यापासून जवळजवळ तीस वर्षांनी, थोड्या वेळापुरते, दुसऱ्याच्या सौजन्याने हुकूम सोडायला मिळाला. त्या हंगामानंतर ते मोठ्या सामन्यांतून निवृत्त झाले. ३३ प्रथम श्रेणीचे सामने, १७९ बळी, प्रत्येक बळीमागे १५ धावांहून थोडे अधिक, अशी त्यांची नोंद आहे.

पण भाऊ थांबले नाहीत. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्याच वर्षी त्यांनी शतक झळकावून युरोपियनांवर विजय मिळवून दिला आणि चाहत्यांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. त्यांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीत हिंदूंनी तीनदा चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याला जे नाकारले ते धाकट्याला द्यावे लागले. हे यश विठ्ठलांचे की बाळूंचे? शाळेच्या परीक्षेत असे दोघांच्या नावे गुण देत नाहीत. आयुष्याच्या परीक्षेत मात्र द्यावे लागतात, असे मला वाटते.

येथवरची कथा वाचताना आपल्याला आनंद होतो. पुढचा भाग लिहिताना, विशेषतः आपल्या मराठवाड्यात बसून लिहिताना, लेखणी थोडी अडखळते.

तिसाव्या दशकात बाळू राजकारणात आले. १९३२ साली अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ जाहीर झाले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभले. बाळूंचा ओढा गांधीजींकडे होता. मद्रासचे एम. सी. राजा यांच्यासोबत त्यांनी डॉ. आंबेडकरांकडे तडजोडीचा आग्रह धरला आणि २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत पी. बाळू हेही नाव आहे. पुढे मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी हिंदू महासभेच्या वतीने लढवली आणि ते हरले. १९३५ साली येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही बाळूंना पटली नाही. आणि १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकरांविरुद्ध उमेदवार उभा केला तो म्हणजे पालवणकर बाळू. सव्वीस वर्षांपूर्वी ज्याने मानपत्र लिहिले आणि ज्याच्यासाठी ते लिहिले, ते दोघे समोरासमोर आले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळू २,०२० मतांनी हरले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर आहे. १९५० साली त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे मिलिंद महाविद्यालय सुरू केले, त्यात शिकून मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिली पदवी आली. असा वाचक म्हणेल की बाळू चुकले, हरले ते योग्यच झाले. दुसरा कुणी म्हणेल की त्या काळचा मोठा राष्ट्रीय प्रवाह ज्या बाजूला होता त्या बाजूला ते प्रामाणिकपणे उभे राहिले. मला या दोघांत न्यायनिवाडा करायचा नाही. पण बाळूंनी राजकारणात असा पवित्रा का घेतला असावा, याचे एक उत्तर त्यांच्या खेळातच सापडते असे वाटते. त्यांच्या अनुभवात दार ठोठावल्याने उघडले होते. सावकाश, अर्धवट, पण उघडले होते. गुण दाखवावा, धीर धरावा, आतल्या चांगल्या माणसांवर विश्वास ठेवावा, एक दिवस समाज जागा देतो, हा धडा मैदानाने त्यांना शिकवला होता. डॉ. आंबेडकरांचा प्रश्न निराळा होता. ज्याच्या डाव्या हातात अशी फिरकी नाही त्याने काय करावे? महाडच्या तळ्याचे पाणी प्यायला काय सात बळी घ्यावे लागावेत? १९२७ साली महाडला गेलेल्या हजारो माणसांपैकी कुणी थोर खेळाडू नव्हते, विद्वान नव्हते. त्यांना पाणी हवे होते, माणूस म्हणून.

बाळूंच्या जीवनाचा खरा पेच येथे आहे आणि यशाच्या प्रश्नाची गाठही येथेच आहे. असामान्य माणसाचे यश पाहून समाज स्वतःची पाठ थोपटून घेतो. बघा, आमच्याकडे गुणाला वाव आहे, असे म्हणतो. पण ज्या संघात येण्यासाठी एकाला साधारण असून चालते आणि दुसऱ्याला अलौकिकच असावे लागते, त्या संघाचे दार पुरते उघडलेले नसते. बाळूंच्या यशाने हे दार किती उघडता येते ते दाखवले. त्यांच्या अपयशाने, म्हणजे न मिळालेल्या कर्णधारपदाने, ते किती बंद होते ते दाखवले. दोन्ही गोष्टी दाखवणारा माणूस आपल्याला हवा असतो. निव्वळ यशस्वी माणसे पहिलीच तेवढी दाखवतात.

राजकारणातल्या यशाचे माप मतपेटी असते असे आपण समजतो. पण १९३७ साली जिंकलेले डॉ. आंबेडकर १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतच पराभूत झाले, काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. म्हणून कुणी त्यांना अयशस्वी म्हणेल काय? संविधान त्या मतपेटीत नव्हते, आणि आज गावोगाव उभे असलेले पुतळेही नव्हते.

कलेच्या क्षेत्रात तर हे माप आणखीच फसवे आहे. १९१३ साली राजा हरिश्चंद्र हा चित्रपट काढून या देशातल्या चित्रसृष्टीचा पाया घालणारे दादासाहेब फाळके १९४४ साली नाशिकला जवळजवळ विस्मृतीत वारले. १९६९ साली त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाला आणि आज तो मिळाला की कलावंताचे जन्मभराचे यश सिद्ध झाले असे आपण मानतो. ज्याच्या नावाचे माप लावून यश मोजायचे त्याच्या स्वतःच्या अखेरच्या काळात ते माप त्याला कुणी लावले नव्हते.

बाळूंच्या कलेचे तर काहीच उरले नाही. गायकाच्या तबकड्या उरतात, नटाची छायाचित्रे उरतात. मंद गोलंदाजाने हवेत काढलेली रेषा तेवढ्यापुरतीच असते. भारत पहिला कसोटी सामना खेळला तो जून १९३२ मध्ये. तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते, म्हणून कसोटीवीरांच्या यादीत त्यांचे नाव नाही. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. विठ्ठलांनी मात्र १९४८ साली माझे क्रीडा-जीवन हे पुस्तक मराठीत लिहिले, आणि या भावंडांची पुष्कळशी हकिगत त्यामुळे टिकली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या पुस्तकाला ओळभर तरी जागा मिळते की नाही, हे आपल्या मराठी विभागाने जरूर पाहावे. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. पुढे कित्येक वर्षे नव्या पिढीला हे नाव ठाऊकही नव्हते. २००२ साली रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात त्यांना मानाचे स्थान दिले, तेव्हा कुठे पुन्हा चर्चा सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या लगान चित्रपटातला कचरा अनेकांना बाळूंची आठवण करून देतो. तो आपल्या लक्षात राहिला, आणि खरा माणूस आपण विसरलो होतो.

मग बाळू यशस्वी झाले की नाही? पारितोषिकाच्या टेबलाचे माप लावले तर उत्तर अडचणीचे येते. खेळात बळी पुष्कळ, कर्णधारपद नाही. राजकारणात दोन निवडणुका, दोन्ही पराभव. कलेच्या नावावर टिकाऊ असे काही नाही. पण मला दुसरे एक माप सुचते. एखाद्याच्या यशानंतर त्याच्या मागून येणाऱ्याला काय करणे सोपे झाले, ते पाहावे. बाळूंनंतर शिवरामांना संघात येण्यासाठी वाद घालावा लागला नाही. विठ्ठलांना कर्णधारपदासाठी भांडावे लागले, पण ते मिळाले. सत्काराच्या सभेत बसलेल्या कितीतरी अनाम माणसांना आपली मान वर करून पाहता येते हे कळले. आणि ज्याने बाळूंना निवडणुकीत हरवले त्यानेही तरुणपणी त्यांच्या यशावर मानपत्र लिहिले होते. आपल्या पराभवालाही वाट करून देणारे यश फार थोड्यांच्या वाट्याला येते. या मापाने पाहता पालवणकर बाळू यशस्वी झाले, आणि जे काम अपुरे राहिले ते त्यांचे अपयश नसून आपल्यावरचे देणे आहे.

या देण्याचा एक छोटासा हप्ता म्हणून मी परवा मैदानावर गेलो आणि मामांना विचारले. त्यांनी आधी हसण्यावारी नेले. मग रोलर बाजूला लावला, चेंडू हातात घेतला आणि दोन पावले चालून तो टाकला. माझी बॅट नुसतीच फिरली. चेंडू यष्टीरक्षकाच्या जागी ठेवलेल्या विटेवर जाऊन आदळला. मामा पुन्हा रोलरकडे वळले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा सामना होता आणि खेळपट्टी तयार व्हायची होती.

पुढच्या वर्षी चषकांचे टेबल मांडताना निदान एवढे व्हावे. ज्याने खेळपट्टी केली, ज्याने पडदा ओढला, ज्याने खुर्च्या लावल्या, त्यांची नावे आपल्याला ठाऊक असावीत. आणि त्यांच्यापैकी कुणाला खेळायचे होते काय, हे एकदा तरी कुणीतरी विचारलेले असावे.